एक तार, अनेक तारा

सकाळी सव्वासात वाजता पालिकेच्या पथकाने आमच्या इमारतीच्या गच्चीवरील सर्व तारा कापल्या. जीवितहानी झाली नाही. कापलेल्यांत टीव्हीच्या, इंटरनेटच्या आणि कपडे वाळत घालायच्या तारा होत्या. या शेवटच्या प्रकारच्या तारांवर त्या वेळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे आठवड्याचे धुणे होते. ते चार मजले खाली, शिंप्याच्या दुकानासमोर पडले. शिंप्याने ते उचलून आत नेले आणि वर निरोप पाठवला, की काकांच्या दोन लेंग्यांची शिवण गेली आहे, आता आलेच आहेत तर मारून देऊ का?

तक्रार कोणी केली, असे काकूंनी पथकाच्या मुकादमाला विचारले. मुकादमाने खिशातून फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरला आणि भर गच्चीत माझे नाव वाचून दाखवले.

मी त्या वेळी दात घासत होतो.

घटना अशी घडली. आमच्या गच्चीवर एक खोली आहे. तिला सगळे दुर्बिणीची खोली म्हणतात, कारण तिच्यात एक दुर्बीण आहे आणि दुर्बीण ठेवल्यावर खुर्चीपुरतीच जागा उरते. ही खोली माझ्या सासऱ्यांनी बांधली. ते शाळेत गणित शिकवत. एका संध्याकाळी त्यांना आकाशात, जिथे काही नसायला हवे तिथे, एक तारा दिसला. तो पाच-सहा दिवस चांगला ठळक तळपला आणि मग विझला. त्यांनी परदेशातल्या वेधशाळेला कळवले. वेधशाळेने आभार मानून उत्तर दिले, की हा तारा खराच नवा आहे, पण जगाच्या दुसऱ्या टोकाच्या एका गृहस्थांनी तो आपल्या आधी काही तास पाहिला. म्हणजे माझे सासरे दुसरे आले. असे तारे पुन्हा पेटू शकतात, असेही वेधशाळेने लिहिले होते, आणि सासऱ्यांच्या पुढच्या आयुष्याचा निकाल त्या एका वाक्याने लावला. त्यानंतर ते रोज संध्याकाळी वर जाऊन आकाशाच्या त्याच तुकड्याकडे बघत. ते वारल्यापासून माझी बायको जाते. कुकरच्या दोन शिट्ट्या होईपर्यंत वर, तिसऱ्या शिट्टीला खाली.

"दिसला का?" असे मी विचारायचे आणि "आज नाही," असे तिने सांगायचे, हा आमच्या संसारातला सर्वांत जुना संवाद आहे.

या खोलीच्या जागी पाण्याची नवी टाकी बसवायचे इमारतीच्या सभेत ठरले. अध्यक्ष हे वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक असल्यामुळे त्यांना मागे सगळे तराजू म्हणतात. तोंडावर अध्यक्ष म्हणतात. ते कोणतीही गोष्ट दोन्ही हात पुढे करून, तळवे वरखाली हलवत बोलतात.

"एका बाजूला पाणी," त्यांनी उजवा तळवा दाखवला, "आणि एका बाजूला खुर्ची. आपणच बघा. जड काय?"

"दुर्बीण विसरलात," बायको म्हणाली.

"वहिनी, बारा बिऱ्हाडं आहेत. अकरा टाकीच्या बाजूनं. शेवटी बहुमत म्हणून काही असतं की नाही?"

"पृथ्वी सपाट आहे हेसुद्धा बहुमतानंच ठरलं होतं."

"पण तेव्हा पाणी वेळेवर यायचं," काका पेंगता पेंगता म्हणाले. ठराव मंजूर झाला.

घरी आल्यावर बायकोने भांडी इतकी शांतपणे घासली, की मला बसवेना. आदळआपट केली असती तर मी पेपर वाचत बसू शकलो असतो. शेवटी मीच उठून म्हणालो, "मी बघतो काहीतरी."

"तुम्ही?" ती म्हणाली. फक्त एवढेच. मराठीत 'तुम्ही' हे आदरार्थी सर्वनाम आहे, असे व्याकरणाची पुस्तके सांगतात. त्या पुस्तकांच्या लेखकांची लग्ने झाली नसावीत.

दुसऱ्या दिवशी मी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात गेलो. तिथल्या कनिष्ठ अभियंत्याने मला बसायला सांगितले, हे मला तेव्हाच संशयास्पद वाटायला हवे होते.

"खोली वाचवायचीय? सोपं आहे," तो म्हणाला. "तिच्यावर पालिकेचा फलक लावून घ्या. 'येथे अमुक थोर पुरुष राहत होते.' एकदा फलक लागला की संपलं. पालिकेच्या फलकाला हात लावणं गुन्हा आहे. खिळासुद्धा उपटता येत नाही. आमच्या जिन्यात बघा, 'काम चालू आहे' असा फलक आहे. काम करणारे रिटायर झाले, फलक आहे."

"फलक मिळवायचा कसा?"

"माणूस थोर पाहिजे."

"थोर कोणाला म्हणायचं?"

"ज्याच्या नावानं रस्ता आहे."

"आणि रस्त्याला नाव कोणाचं देतात?"

"थोर माणसाचं." आपण गोल फिरून पुन्हा दारात आलो आहोत हे त्याच्याही लक्षात आले असावे, कारण त्याने खिडकीबाहेर पाहिले. "असं करा, मदत कक्षाला फोन करा. हल्ली सगळं तिथूनच हलतं."

फलकाची बातमी माझ्याआधी इमारतीत पोहोचली. जिन्यात मला काका भेटले. त्यांचे म्हणणे, फलक लावायचाच तर नुसत्या मास्तरांचा कशाला? त्यांचे चुलत आजोबा सचिवालयात होते आणि फाईलला दोन्ही बाजूंनी बंद बांधायची कल्पना त्यांची होती. त्याआधी एकाच बाजूने बांधत आणि सरकार दुसऱ्या बाजूने सांडत असे. "राज्यकारभाराच्या इतिहासात हे वाफेच्या इंजिनाइतकंच मोठं आहे," काका म्हणाले. "पण आमचा माणूस पडला भिडस्त." काकू म्हणाल्या, की गॅलिलिओलासुद्धा लोकांनी त्रासच दिला, पण त्याच्या दुर्बिणीनं कुणाच्या कपड्यांवर सावली तरी पडत नव्हती. शिंप्याने इंची टेप गळ्यात तशीच ठेवून शांतपणे विचारले, "साहेब, मास्तर दुसरे आले होते ना? दुसऱ्याचा फलक लावतात का?"

हा प्रश्न मला झोंबला. मी वर्तमानपत्रात मुख्य उपसंपादक आहे. दुसऱ्याने लिहिलेले दुरुस्त करणे हा माझा धंदा. आमच्यासारख्यांचा फलक कुठेच लागत नाही. मी अस्वस्थ होऊन ऑफिसात गेलो आणि पान सोडायच्या घाईच्या वेळी, एका हाताने मथळे कापत, दुसऱ्या हाताने मदत कक्षाला फोन लावला. तो संवाद मला पाठ आहे. माझ्या बायकोलाही आहे, कारण तिने तो माझ्याकडून अनेकदा म्हणून घेतला आहे.

"नमस्कार, नागरिक मदत कक्ष. तक्रारीचा प्रकार सांगा."

"तक्रार नाही, विनंती आहे. एका शास्त्रज्ञांच्या खोलीबद्दल."

"विनंती असा प्रकार नाहीये सर. तक्रारच घ्यावी लागेल."

"बरं, तक्रार म्हणा. शास्त्रज्ञांबद्दल."

"काय त्रास देतायत?"

"अहो, ते वारलेत!"

"सॉरी सर. पण शास्त्रज्ञ यादीत नाहीये. त्यातल्या त्यात जवळचं काहीतरी सांगा ना. रस्ता, पाणी, गटार, झाड, तारा, भटकी कुत्री..."

"थांबा. काय म्हणालात? तारा?"

"हो, तारा आहे."

माझा ऊर भरून आला. ज्या पालिकेला आम्ही रोज पहिल्या पानावर झोडतो, तिने गटार आणि कुत्र्यांच्या मधोमध आकाशासाठी जागा ठेवली होती. 'अग्रलेख लिहायला हवा,' असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

"तारा!" मी म्हणालो. "तेच. तेच घ्या."

"किती आहेत?"

"एकच."

"मग तार म्हणायचं सर. एक तार, अनेक तारा."

समोर पानावर माझी लाल शाई वाळत होती. तीस वर्षे मी लोकांची वचने, विभक्त्या आणि वेलांट्या सुधारत आलो आहे, आणि कानाला फोन लावून एक मुलगी मला एकवचन शिकवत होती.

"बाई," मी म्हणालो, "एक तारा, अनेक तारे. लिहून घ्या."

"बरं सर, तुम्ही म्हणाल तसं. कुठंय?"

"आमच्या गच्चीवरून दिसायचा. टाकीच्या वरच्या अंगाला."

"जिवंत आहे का?"

या प्रश्नाने मी थक्क झालो. ताऱ्यांना जन्ममरण असते हे आमच्या विज्ञान पुरवणीच्या संपादकालाही मला समजावून सांगावे लागले होते. "सध्या नाही," मी आदराने म्हणालो. "पण मागे एकदा एकाएकी पेटला होता. पाच-सहा दिवस."

"पाच-सहा दिवस! आणि कुणी कळवलं नाही?"

"सासऱ्यांनी कळवलं ना. परदेशात."

"इकडे कळवायचं हो सर. आम्ही कशाला बसलोय? आता परत पेटू शकतो का?"

"कधीही पेटेल, असं सासरे म्हणायचे. शिक्षक होते, निवृत्त झाल्यावरही त्याच्यावर लक्ष ठेवायलाच रोज वर जायचे."

"आणि म्हणालात, वारले? कशानं?"

सासरे थंडीत गच्चीवर उभे राहून राहून छातीच्या विकाराने गेले, हे सविस्तर सांगायला हवे होते. पण छपाईचा माणूस काचेपलीकडून मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत होता.

"त्याच्यापायीच गेले म्हणा ना," मी म्हणालो.

फोनवर टाइप केल्याची टकटक ऐकू आली. मग ती मुलगी अगदी वेगळ्या, हळव्या आवाजात म्हणाली, "सर, तुम्ही काही काळजी करू नका. मी तातडीचं म्हणून टाकते."

इथवर झालेली चूक भाषेची होती आणि ती दोघांत वाटून घेता आली असती. पुढची माझ्या एकट्याची.

त्याच संध्याकाळी पालिकेचे पत्रक माझ्या टेबलावर आले. 'एका इमारतीच्या गच्चीवरील तारेमुळे निवृत्त शिक्षकाचा दुर्दैवी मृत्यू झाला असून जावयाच्या तक्रारीची तत्काळ दखल घेत पथक उद्या सकाळी रवाना होत आहे.' मी ते नेहमीच्या सवयीने वाचले. 'दुर्दैवी' काढला, कारण सुदैवी मृत्यू आम्ही छापत नाही. 'तत्काळ' काढला, कारण पालिकेच्या बाबतीत तो शब्द पुराव्याशिवाय वापरायचा नाही असा आमचा नियम आहे. 'जावयाच्या' हा शब्द मी अनावश्यक तपशील म्हणून काढला. वर मथळा दिला, 'तारेने घेतला शिक्षकाचा बळी'. जागेत बरोबर बसला. मी समाधानाने चहा मागवला.

बायकोला म्हणालो, "काम झालं. पालिकेत ताऱ्यांचा वेगळा विभाग आहे."

"असं कसं असेल?" ती म्हणाली.

"तुला सरकारबद्दल विश्वासच नाही."

आणि सकाळी सव्वासात वाजता ते पथक आले.

तोंडाला फेस, खांद्यावर टॉवेल अशा अवस्थेत मी गच्चीवर पोहोचलो तेव्हा माझी बायको आधीच तिथे होती. मुकादम कमरेवर हात ठेवून तिच्याशी बोलत होता. मागे काकू रिकाम्या खांबांकडे बघत होत्या आणि अध्यक्ष तुटलेल्या तारेचे एक भेंडोळे तळव्यावर घेऊन सवयीने वजन करत होते.

"तक्रारीत एकच तार लिहिलीय," मुकादम सांगत होता. "पण कुठली ते नाही. म्हणून सगळ्या काढल्या. त्यातली एक असणारच की नाही?"

"त्यातली नाहीये हो ती," बायको म्हणाली. तिच्या एव्हाना सगळे ध्यानात आले होते. माझ्याकडे तिने फक्त एकदा पाहिले. "तारा आहे, तारा. तो तिथं असायचा. तिथं बघा."

मुकादमाने तिच्या बोटाच्या दिशेने मान वर केली. पथकातल्या सगळ्यांनी केली. वर स्वच्छ, निळे, पूर्णपणे रिकामे आकाश होते.

"दिसत नाही काही."

"आता सकाळ आहे."

"म्हणजे रात्री दिसते?"

"रात्रीही नाही दिसत. विझलाय."

मुकादमाने पक्कड खिशात घातली आणि शांतपणे माझ्याकडे वळला. तो दिवसभर खांबांवर चढणारा माणूस होता, त्यामुळे घाबरण्याची त्याला घाई नव्हती. "साहेब, बाई काय म्हणतात ते मला कळत नाहीये. मला एकच सांगा. परत पेटेल का?"

मी तोंडातल्या फेसामुळे बोलू शकलो नाही. उत्तर बायकोने दिले.

"पेटेल," ती म्हणाली. "बाबा म्हणायचे, पेटेल. आज नाही तर उद्या, पण पेटणार."

ती ज्या आवाजात बोलली त्याने मुकादमाचाच काय, माझाही विश्वास बसला. त्याने मान हलवली, गाडीतून एक पिवळी पाटी मागवली आणि इकडेतिकडे पाहून दुर्बिणीच्या खोलीच्या दारावर चार खिळे ठोकून लावली. पाटीवर कवटी होती आणि खाली लिहिले होते:

धोका! तारा. हात लावू नये. पालिकेच्या आदेशावरून.

त्यानंतरचे काही दिवस आमच्या इमारतीत कोणालाही एका जागी बसवेना. टीव्ही नाही, इंटरनेट नाही. माणसे जिन्यात येरझाऱ्या घालत आणि प्रत्येक येरझारीत आमचे दार लागत असे. काकूंनी आमच्या दाराच्या कडीपासून समोरच्या कठड्यापर्यंत दोरी बांधली आणि तिच्यावर कपडे टाकले, त्यामुळे मला ऑफिसला जाताना काकांच्या लेंग्यांखालून वाकून जावे लागे. शिवण छान मारली होती. बातमी वाचून, गच्ची आणि शिक्षक जुळवून, बायकोची आत्या बसने आली आणि दारातच गळ्यात पडून रडली, "माझ्या भावाला शॉक लागला आणि मला न्यूमोनिया सांगितलात!" तिला खरे काय ते सांगायला अख्खी दुपार गेली, आणि शेवटी डोळे पुसत ती म्हणाली, "तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण पेपरात कसं खोटं छापतील?" तीस वर्षांच्या अनुभवानंतर मी तिच्यासाठी चहा टाकायला आत गेलो.

मी खुलासा लिहिला. 'अनवधानाने' या शब्दाने सुरू होणारा, चार ओळींचा, निर्दोष खुलासा. तो घेऊन निघालो तेव्हा बायको दारात उभी राहिली.

"कुठं निघालात?"

"चूक दुरुस्त करायला."

"खबरदार."

"अगं, शब्द चुकलाय! एकवचनाचं अनेकवचन झालंय, आकाशाचा खांब झालाय. मी हे असं ठेवू शकत नाही. मला झोप लागत नाही."

"नाही लागली तर चालेल," ती म्हणाली. "तुम्ही आजवर हजार शब्द सुधारले असतील. माझ्यासाठी एक चुकीचा राहू द्या."

तिचे म्हणणे मला त्याच दिवशी दुपारी समजले. टाकीचा कंत्राटदार हातोडे आणि माणसे घेऊन गच्चीवर आला, पाटी वाचली, आणि माणसांसकट खाली उतरला.

"मी हात लावणार नाही," तो अध्यक्षांना म्हणाला. "पालिकेची पाटी आहे. कवटीसकट."

"अहो, त्या खोलीत एक वायर नाही!"

"मग पाटी कशाला लावलीय?"

अध्यक्षांचे दोन्ही तळवे हवेत थांबले. एकही वर जाईना, एकही खाली येईना. मग ते आमच्याकडे आले. दोरीवरचे लेंगे बाजूला सारून म्हणाले, "तक्रारदार तुम्ही आहात. तारांच्या विभागात माझ्याबरोबर चला आणि तक्रार मागे घ्या. सरळ, साधं, खरं तेवढं बोला. खोटं बोलायला मी सांगणार नाही."

"खरं तेवढंच बोला," आतून बायकोनेही सांगितले. पण तिच्या वाक्यात आणि अध्यक्षांच्या वाक्यात फरक होता, आणि तो एका 'च'चा होता.

तारांच्या विभागाच्या साहेबांची खोली जुन्या खांबांच्या नकाशांनी भरलेली होती. अध्यक्षांनी सगळी हकीकत सांगितली. तार नाहीच, तारा आहे, तो आकाशातला आहे, तोही विझलेला आहे. साहेबांनी पेन्सिल कानावर ठेवून ऐकून घेतले.

"म्हणजे विषय आकाशाचा आहे."

"हो ना!"

"आमची हद्द खांबाच्या टोकापर्यंत. त्याच्या वरचं आम्ही बघत नाही."

"म्हणूनच म्हणतो, तक्रार बंद करा आणि पाटी काढा."

"पण तक्रार आमच्याकडे आहे. माणूस गेलाय तिच्यात. पेपरातही आलंय." साहेबांनी टेबलाच्या काचेखालचे कात्रण दाखवले. मथळा खरोखरच जागेत चांगला बसला होता. "अशी तक्रार दोनच प्रकारे बंद होते. एक, आमच्या माणसानं तार काढून आणली तर."

अध्यक्षांनी छताकडे पाहिले.

"किंवा ती कायमची मृत आहे, पुन्हा प्रवाह येणार नाही, असं तक्रारदारानं सांगितलं तर." साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही तक्रारदार?"

"हो."

"शिकलेले दिसता. नीट सांगा. एक तार की अनेक?"

माझ्या डोळ्यांसमोरून तीस वर्षांची लाल शाई गेली. "एक तारा," मी म्हणालो.

"म्हणजे एक. जिवंत की मृत?"

अध्यक्ष माझ्याकडे बघत होते. त्यांचा उजवा तळवा हळूहळू वर येत होता. 'मृत' म्हणालो असतो तर पाटी जाणार, खोली जाणार, आणि रोज संध्याकाळी कुकरची शिट्टी झाल्यावर बायकोला कुठे जावे हे कळले नसते. 'जिवंत' म्हणालो असतो तर खोटे झाले असते, आणि पुराव्याशिवाय मी मथळासुद्धा देत नाही. वेधशाळेचे ते वाक्य मला आठवले. एकही जास्तीचा शब्द नसलेले, कसलेल्या माणसाने लिहिलेले वाक्य.

"पुन्हा पेटू शकतो," मी म्हणालो. "केव्हा, ते सांगता येत नाही."

"मग चालू ठेवू," साहेब म्हणाले. "पाटी राहील. दर आठवड्याला आमच्याकडून फोन येईल, काय स्थिती आहे ती सांगायची."

बाहेर आल्यावर अध्यक्ष माझ्या दोन पावले पुढे चालत राहिले. कोपऱ्यावर थांबून त्यांनी विचारले, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं हो? पेटेल?" मी म्हणालो, माहीत नाही. ते म्हणाले, "नाही, टाकी जिन्याच्या डोक्यावर बसेल का ते बघतो. म्हणजे ठरलं असं नाही. बघतो." आणि त्यांनी दोन्ही हात खिशात घातले.

सध्याची स्थिती अशी आहे. टीव्हीच्या तारा पुन्हा आल्या. काकूंनी नवी तार बांधली, पण दुर्बिणीच्या दिशेची बाजू मोकळी ठेवली. का, ते त्यांनी सांगितले नाही. खुलासा माझ्या खणात आहे. कंत्राटदार येऊन जिना मोजून गेला. पाटी बायको दर रविवारी ओल्या फडक्याने पुसते, आणि कवटी आता नव्यासारखी दिसते.

विभागाचा फोन दर आठवड्याला येतो, आणि योगायोगाने तो मदत कक्षातली तीच मुलगी करते. ती विचारते, "सर, तारा पेटल्या का?" आणि मी, दात आवळून, वचन न सुधारता सांगतो, "आज नाही."

आजही तिचा फोन आला तेव्हा बायको गच्चीवर होती. मी नेहमीचे उत्तर देणार एवढ्यात जिन्याच्या तोंडाशी तिची हाक ऐकू आली, "अहो, कोणाचा फोन आहे?" मी वरच्या दिशेने ओरडून सांगितले.  मग तिचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, थांबा जरा."

"सर, थांबू का?" मुलीने विचारले.

"थांबा," मी म्हणालो.

कुकरची तिसरी शिट्टी होऊन गेली आहे. मी गॅस बंद केला. फोन अजून चालू आहे आणि बायको अजून खाली आलेली नाही.